पडद्यावर न आलेली रोहिणी

हे मी कोणाजवळच बोललेले नाही. बहिणीजवळ नाही, शाळेतल्या बायकांजवळ नाही, समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींजवळ तर नाहीच — आणि त्यांच्याशी मी रोज संध्याकाळी जिन्यात उभी राहून तासभर बोलते, जगातलं सगळं बोलते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुमची-माझी ओळख नाही. यात धाडस काही नाही. ओळखीच्या माणसापुढे माझी जीभ रेटत नाही, एवढंच.

कुठून सुरू करू? फोटोंपासून करते. ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

मी गणिताची शिक्षिका. पुणतांब्याजवळच्या एका गावात, हायस्कूलला, तेहतीस वर्षं काढली. गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि श्रीरामपुरात हा फ्लॅट घेतला. शाळेत पहिल्यांदा संगणक आले तेव्हा आमचे सर लोक त्यांच्यावर चादर घालून ठेवायचे — धूळ बसेल म्हणून. ती चादर मी काढली. तेव्हापासून निकालपत्रकं, वेळापत्रक, शाळेची सगळी टायपिंगची कामं माझ्या गळ्यात पडली. "मंदाबाईंना येतं," म्हणायचे सगळे. मी वरवर कुरकुर करायचे आणि आतून खूश व्हायचे. खोटं कशाला बोलू? घरी वाट बघणारं कोणी नसलं की कोणाच्या तरी उपयोगी पडणं फार मोठं वाटायला लागतं.

आठ वर्षांपूर्वी शाळेला पन्नास वर्षं झाली. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला, गावातलं मंगल कार्यालय घेतलं, आणि कोणीतरी टूम काढली की जुने फोटो प्रोजेक्टरवर दाखवायचे. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

फोटो यायला लागले व्हॉट्सॲपवर. लोकांनी घरातल्या अल्बमचेच मोबाईलने फोटो काढलेले — तिरके, वरच्या प्लॅस्टिकच्या चकाकीसकट, कोणाचा अंगठा आलेला, कोणाच्या घरच्या पंख्याची सावली पडलेली. दिवाळीच्या सुट्टीत मी रोज दुपारी जेवून लॅपटॉप उघडायचे. माझी एक पद्धत होती. आलेला प्रत्येक फोटो आधी एका फोल्डरमध्ये जशाचा तसा ठेवायचा — त्या फोल्डरचं नावच 'मूळ'. त्याला हात लावायचा नाही. मग त्याची कॉपी काढायची, ती सरळ करायची, कापायची, उजळायची, नंबर द्यायचा. उजळायची का, तर मंगल कार्यालयाला तिन्ही बाजूंनी खिडक्या, कार्यक्रम सकाळी अकराचा. लॅपटॉपवर छान दिसणारा फोटो तिथे पडद्यावर नुसता काळा डाग दिसला असता. आणि कापायची का, तर स्पीकरवाल्याकडचा प्रोजेक्टर जुना होता, त्याचं चित्र चौकोनी पडायचं. लांबट फोटो त्यात मावायचे नाहीत.

पण एक सांगते. रांगेतलं शेवटचं माणूससुद्धा मी कापत नव्हते. वर्गाचा फोटो फार लांब असला तर वर-खाली काळ्या पट्ट्या राहू द्यायच्या, सगळे लहान दिसले तरी चालतील, पण टोकाला उभा राहिलेला कुठलाही पोरगा घरी जाताना 'मी नव्हतो' म्हणता कामा नये. दोनशे सात फोटो मी असे केले. एकेका चेहऱ्यासाठी अर्धा अर्धा तास घातला. म्हणजे मला येत नव्हतं, कळत नव्हतं, घाई होती — यातलं काहीही मला म्हणता येत नाही.

आता रोहिणी.

रोहिणी आमची खेळाची बाई. पाथर्डीकडची. आई-वडील दरवर्षी कारखान्यांवर ऊस तोडायला जायचे आणि ही चौथीपासून वसतिगृहात. उंच, काळीसावळी, चालायला लागली की पोरी मागे पळायच्या. मी काष्टीची, घरची शेती बरी, आईने लाडात वाढवलेली. दोघी एकाच वर्षी नोकरीला लागलो. गावात एकट्या बाईला कोणी खोली देईना, म्हणून पोस्टामागच्या दोन खोल्या आम्ही मिळून घेतल्या. अकरा वर्षं त्या खोल्यांत राहिलो.

अकरा वर्षांचं काय सांगू? भाकरी ती करायची, कालवण मी. माझी भाकरी गोल व्हायची नाही. ती तव्यात बघून म्हणायची, "मंदा, ह्यो नगर जिल्ह्याचा नकाशा काडलास व्हय?" मला टायफॉइड झाला तेव्हा सतरा दिवस ती माझ्या कॉटखाली जमिनीवर झोपली, आणि काष्टीला कळवू दिलं नाही, आई घाबरेल म्हणून. सुट्टीच्या दिवशी पुणतांब्याच्या घाटावर जायचो, पाण्यात पाय सोडून बसायचो, ती शेंगा फोडून माझ्या ओंजळीत टाकायची. मला वाटायचं, हे असंच राहणार. का वाटायचं? कोणी तसं कबूल केलं होतं का? नव्हतं.

छत्तिसाव्या वर्षी एके सकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "येक स्थळ आलंय. ग्रामसेवक हायेत. बायको वारलीय, पाच वर्साची पोरगी हाय. मी व्हय म्हनले."

मी म्हणाले, "बरं केलंस."

बस्स. तेवढंच बोलले मी. तिने परातीतून मान वर करून माझ्याकडे बघितलं, मी आणखी काही बोलेन म्हणून. मी डबा भरायला घेतला.

लग्नाला गेले नाही. बोर्डाचे पेपर तपासायचे आहेत असं सांगितलं. पेपर आदल्या दिवशीच संपले होते. त्या दिवशी मी दोन्ही खोल्या धुऊन काढल्या, तिची कॉट दाराबाहेर उभी करून ठेवली आणि पायरीवर बसून राहिले. राग कसला होता, मला नीट सांगता येत नाही. मला ती हवी होती. कशी हवी होती, कोण म्हणून हवी होती, याला नाव द्यायची माझी छाती झाली नाही — तेव्हाही नाही, नंतरही नाही. हे कारण म्हणून सांगत नाही. होतं, म्हणून सांगते.

जाताना तिने एक ट्रंक नेली. अल्बम ठेवून गेली. आमच्या अकरा वर्षांचे फोटो त्या एकाच अल्बममध्ये होते. "ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी," म्हणाली, "मी काय, येतच ऱ्हानार हाय." तिच्या माहेरी कोणी कधी फोटो काढला नव्हता, पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या माणसांचे फोटो कोण काढणार? तेव्हा छत्तीस वर्षांच्या आधीची रोहिणी जगात कुठे दिसत असेल, तर ती फक्त माझ्या कपाटात.

ती खोलीवर दोन-तीनदा आली. मी चहा केला आणि घड्याळाकडे बघत बसले. मग तिची बदली संस्थेच्या नेवाशाकडच्या शाळेत झाली. पुढे दिवाळीला फोन, तोही एखाद-दोन मिनिटांचा.

मेळाव्याच्या महिनाभर आधी तिचा फोन आला. आवाज अगदी तसाच. म्हणाली, "मंदा, तू फोटू लावनार हायेस असं कळलं. आमची अंकिता मागं लागलीय, मम्मी तू पोरगी असताना कशी दिसायचीस म्हनून. तिला कितीबी सांगितलं तरी पटत न्हाई, की मी पळायचे. तिला घिऊनच येते. दावशील ना?"

अंकिता म्हणजे तीच, पाच वर्षांची पोरगी. आता एकोणीस वर्षांची झाली होती. तिला जन्म देणाऱ्या आईचा फोटो त्यांच्या भिंतीवर होता, हे मला माहीत होतं. आणि जिने वाढवली तिचा, तरुणपणचा, एकही नव्हता. मला सगळं माहीत होतं. मी म्हणाले, "हो, दाखवते की."

दुसऱ्या दिवशी दुपारी अल्बम काढला. लोकांनी पाठवलेल्यांत रोहिणी एकातही नव्हती; अल्बममधल्या तेवीस फोटोंत होती. मोबाईलने एकेक काढून लॅपटॉपवर घेतला, 'मूळ' मध्ये ठेवला, कॉपी केली. पहिला उघडला — स्टाफचा, पंधरा ऑगस्टचा. उंच म्हणून फोटोवाला तिला नेहमी टोकाला उभी करायचा, आणि तिच्या शेजारी मी. मी कापायची चौकट ओढत आणली, माझ्या खांद्यापाशी थांबवली. बघितलं. चित्र चौकोनात छान बसत होतं. एंटर दाबलं.

तुम्हाला काय वाटतं — वाईट वाटलं असेल? नाही हो. बरं वाटलं. खरंच सांगते, चौदा वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं. मग दुसरा, तिसरा. ज्यात आम्ही दोघीच होतो ते सरळ वगळले. कबड्डीच्या मुलींनी जिल्ह्याची ढाल आणली होती, त्या फोटोत ती बरोब्बर मध्ये होती, पोरींच्या गळ्यात हात टाकून. तो इतका मोठा केला की नुसती ढाल आणि पोरींची बोटं राहिली. तीन दुपारी मी हे काम केलं. जी बाई टोकाच्या पोरासाठी काळ्या पट्ट्या ठेवत होती, तीच ही.

एक फोटो मात्र अडला. भंडारदऱ्याच्या सहलीचा. रोहिणीने माझ्या खांद्यावर हात टाकलेला. तिला कापलं तरी हात राहतच होता — पंजा, मनगट, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून बांधलेलं घड्याळ, पळायची वेळ बघायला सोपं जावं म्हणून ती तसं बांधायची. हात घालवायचा तर मलाच अर्धं कापावं लागलं असतं. तो फोटो काढून टाकायला हवा होता. मी तो ठेवला. का ठेवला? त्यात मी हसत होते. तशी हसतानाचा माझा दुसरा फोटो नाही.

मेळाव्याच्या दिवशी खिडक्यांना मांडववाल्याने जाड कनाती बांधल्या होत्या, तरी फटींतून ऊन येतच होतं. हॉल गच्च भरला. चाळिशीतले बाप्ये आणि बाया शाळेतल्यासारखा दंगा करत होते. रोहिणी तिसऱ्या रांगेत बसली होती. केस पांढरे झालेले, रुंद काठाची निळी साडी. शेजारी अंकिता — हातात मोबाईल. मी पुढे बाजूला, लॅपटॉपपाशी. तिने मला हात केला. मी वायर बघायला खाली वाकले.

फोटो पाच-पाच सेकंदांनी बदलत होते. आरडाओरडा, शिट्ट्या. "आरं, ह्यो बघ मी! केस बघ माझं!" मी पडद्याकडे बघत नव्हते, माझं लक्ष तिसऱ्या रांगेकडे. स्टाफचा फोटो आला की अंकिता मोबाईल वर धरायची. डोळे बारीक करून शोधायची. मग खाली घ्यायची, रोहिणीच्या कानाशी काहीतरी विचारायची. रोहिणी पडद्याकडे बोट करून सांगायची — पुढच्यात असेन. पुन्हा फोटो, पुन्हा मोबाईल वर, पुन्हा खाली. ढालीचा फोटो आला तेव्हा मागून एक बाई ओरडली, "बाई, नुसती ढालच? रोहिणीबाई कुठंयत?" लोक हसले. त्यानंतर रोहिणीने बोट करायचं थांबवलं.

आणि मग भंडारदरा आला. पडद्यावर मी — केवढीतरी मोठी, हसणारी, आणि खांद्यावर हात. अंकिता खुर्चीतून उठलीच. "मम्मी! तुझं घड्याळ! हात तुझा आहे!" तिने मोबाईल वर केला, तोवर पाच सेकंद संपले. फोटो गेला. ती माझ्याकडे बघून ओरडली, "मावशी, मागे घ्या ना! एकच मिनिट, मागे घ्या!"

मागे घ्यायला एक बटण होतं. माझं बोट त्याच्या शेजारीच होतं. ऐकू आलं नाही असं दाखवलं मी. पुढच्या फोटोवर शिट्ट्या पडल्या आणि तिचा आवाज त्यात गेला. तिने खाली बसताना रोहिणीकडे बघितलं. रोहिणी माझ्याकडे बघत होती. ती रागावलेली नव्हती. टायफॉइडमध्ये रोज सकाळी माझ्या कपाळाला हात लावताना तिचा चेहरा व्हायचा, तसा झाला होता.

जेवणं झाल्यावर ती आली. तिने विचारण्याआधीच मी बोलायला लागले. प्रोजेक्टर जुना, चौकोनी, सगळ्या कडा कापल्या गेल्या, माझा नाइलाज झाला.

"असंल," ती म्हणाली. "मशिनीचं काय खरं नसतं." मग म्हणाली, "मूळ फोटू असतील ना पर? पोरीच्या मोबाईलवर टाक की. अल्बम तरी दे दोन दिस. मी परत आनून दीन."

इथपर्यंत तरी सगळं परत जुळवता आलं असतं. तुम्हीही तेच म्हणाल. आणि मी काय म्हणाले? म्हणाले, अगं, घाईत मूळ फोटोच कापले गेले आणि तसेच सेव्ह झाले. उभ्या जन्मात ती चूक मी केलेली नव्हती. आणि अल्बम? अल्बमला वाळवी लागली, म्हणाले. मागच्या पावसाळ्यात जाळून टाकावा लागला.

तिने माझा हात धरला. धरून म्हणाली, "जाऊ दे. तुलाच जास्ती वाईट वाटलं आसंल." आणि बाजूला उभ्या असलेल्या अंकिताला तिने सांगितलं, "पडदा ल्हान हुता गं. मावशी तरी काय करनार?"

तिला कळलं होतं का? आठ वर्षं मी हे एकच गणित सोडवते आहे. कळलं असेल तर तिने मला लेकीसमोर झाकून नेलं. कळलं नसेल तर ती माझ्यासाठी हळहळली. दोन्हींपैकी काहीही असलं तरी माझी बाजू कुठे बसत नाही.

या वर्षी, मे महिन्यात, अंकिताचा फोन आला. रोहिणीची सेवापूर्ती होती. लेकीने फोटोंचा कार्यक्रम करायचं ठरवलं होतं, मम्मीला न सांगता. म्हणाली, "मावशी, तुमच्याकडे एकसुद्धा नसेल का? फाटका चालेल, वाळवीने खाल्लेला चालेल, मी नीट करून घेईन. मम्मीला सहज विचारलं तर ती म्हणाली, मंदाला त्रास देऊ नको, तिच्यापाशी असते तर तिने कधीच दिले असते."

अल्बम तेव्हा माझ्या समोरच्या कपाटात होता, मधल्या कप्प्यात, चादरींखाली. 'मूळ' लॅपटॉपमध्ये होता. पाठवायला दोन मिनिटं लागली नसती. काय सांगायचं ते सुचेना — इतकी वर्षं कुठे होते, कसे सापडले? सापडले म्हणणंही जमलं असतं. जुन्या सामानात मिळाले, एवढं म्हटलं असतं तरी त्या पोरीने काही विचारलं नसतं. मी म्हणाले, "नाही गं बाळ. असते तर दिले नसते का?"

कार्यक्रमाला गेले. न जाऊन कसं चाललं असतं? नेवाशाकडे, शाळेच्याच सभागृहात. प्रोजेक्टर नवा होता, लांबट चित्राचा, कडेची माणसंसुद्धा स्वच्छ दिसत होती. अंकिताने फार निगुतीने केलं होतं, मला ते लगेच कळलं. पहिला फोटो लग्नाचा. मुंडावळ्या बांधलेली रोहिणी, आणि तिच्या मांडीवर पाच वर्षांची पोर. मग पुढची बावीस वर्षं — शाळा, मैदान, अंकिताचा वाढदिवस, अंकिताचं कॉलेज. त्याआधीचं काही नाही. कुठलीही पोर पळत नव्हती, कोणी घाटावर बसलेलं नव्हतं. रोहिणीचा जन्म त्या पडद्यावर छत्तिसाव्या वर्षी झाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. रोहिणीने गर्दीत मला शोधून काढलं, हाताला धरून जेवायला पहिल्या पंगतीत नेलं, शेजारी बसवलं, आणि वाढणाऱ्याला सांगितलं, हिला तिखट सोसत न्हाई. मी जेवले. साडेचारच्या एसटीने परत आले.

अल्बम चादरींखाली आहे. त्यातल्या तेवीस फोटोंत रोहिणी आहे, आणि ते मी अजून तिला दिलेले नाहीत.